१८५७चा कोश उघडतो, १९९९चा उघडत नाही

मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती, १८५७ साली निघाली. म्हणजे बंडाच्या वर्षी. (ज्यांना 'स्वातंत्र्यसमर' म्हणायचंय त्यांनी तसं वाचावं, मी वर्गात दोन्ही शिकवलंय!) आज माझा नातू त्यातला कुठलाही शब्द, माझा चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत, फोनवर काढून दाखवतो. आणि १९९९ साली साताऱ्यात, चपला बाहेर काढून जायच्या एसी खोलीत, संगणकावर जुळवलेला एक छोटासा शब्दसंग्रह मात्र आम्ही दाखवला त्यातल्या एकाही संगणकावर उघडत नाही.

हा दुसरा संग्रह आमच्या ह्यांचा. आता लक्षात आलं असेल की आजचं लिहिणं जरा तावातावाचं का आहे ते.

नात्यातली मंडळी भेटली की हमखास म्हणतात, "काकू, काकांचं ते पुस्तक नेटवर टाका ना!" पोह्यांवर कोथिंबीर टाकावी तसं 'टाका ना'. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढावं, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

आधी जे टिकलं त्याबद्दल. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने आपल्याकडच्या भाषांचे कोश नेटवर ठेवलेत, फुकट. त्यात मोल्सवर्थ आहे. वझ्यांचा १९११ सालचा शाळेसाठीचा कोश आहे. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड आणि वर १९५०ची पुरवणी. आणि हे नुसते पानांचे फोटो नाहीत बरं का, अक्षर न् अक्षर टाइप केलेलं आहे, त्यामुळे शब्द शोधता येतो. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत दाते कोशाचे दोनच खंड होते, तिसरा आणि पाचवा. तेही कपाटात आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या कनवटीला. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मुलीने आख्खा दाते कोश एकत्र पहिल्यांदा पाहिला तो साठी उलटल्यावर, आणि तो शिकागोचा! हसावं की रडावं ते कळेना, पण त्या दिवशी मी दुपारची झोप विसरून चार तास तो चाळत बसले एवढं खरं.

दाते कोशात शब्दापुढे कंसात एक-दोन अक्षरं असतात. (गो.) म्हणजे गोमंतकी, (व.) म्हणजे वऱ्हाडी, (खा.) म्हणजे खानदेशी. शब्द कुठे बोलतात त्याची ती खूण. हे कंसातलं अक्षर लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्याच ठिकाणी शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. शिलालेख, महानुभाव वाङ्मय, ज्ञानेश्वरीच्या काळची भाषा. तुळपुळे १९९४ साली गेले, राहिलेलं काम फेल्डहाउसबाईंनी तडीला नेलं, आणि कोश छापून निघाला १९९९ साली. ह्यांच्या पुस्तकाचं वर्षही तेच. बरोबरी करतेय असं समजू नका, तो कुठे आणि आमचं १२८ पानांचं पुस्तक कुठे. पण वर्ष एकच, आणि एक उघडतं, दुसरं उघडत नाही, हे मनात येतंच.

ह्यांची सगळी नोकरी जावळी तालुक्यातली. विषय गणित, वेड मात्र शब्दांचं. साधारण १९७८ पासून सायकलवरून, पुढे एसटीने, पुढे लाँचने ते बामणोली-तापोळ्याच्या बाजूला हिंडायचे. कोयना धरण १९६४ साली पुरं झालं आणि ते खोरंच्या खोरं पाण्याखाली गेलं. कितीतरी गावं उठली, माणसं कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत पांगली. जी वरच्या अंगाला राहिली, त्यांच्याकडे जाऊन हे बसायचे. तरवा, आवण, इरलं, भांगलण, सावड, इर्जिक हे शब्द आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या लोकांना ठाऊक असतीलच. पण एकच शब्द ओढ्याच्या अलीकडे एका अर्थाने नि पलीकडे दुसऱ्या अर्थाने वापरतात, याचं त्यांना फार अप्रूप. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर शब्द, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. घरात चपलांच्या खोक्यांतून चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. मी वैतागून म्हणायचे, "घरात चपला कमी आणि खोकी जास्त आहेत!"

तेवीसशेच्या आसपास शब्द झाले. पण पुस्तकाचा जीव आहे तो शेवटच्या अकरा पानांत. तिथे पाण्याखाली गेलेल्या वावरांची नावं आहेत. प्रत्येक शेताला, तुकड्याला, उताराला नाव असायचं, सातबाऱ्यावरचा नंबर नव्हे, घरातलं नाव. एकशे बेचाळीस नावं. शेतं साठ वर्षं पाण्यात आहेत, सांगणारी बहुतेक माणसं गेली. शब्द एखादवेळी दुसऱ्या कुठल्या कोशात सापडेलही, ही नावं दुसरीकडे कुठे लिहिलेली मला तरी माहीत नाहीत.

त्या बाजूच्या एक आजी होत्या, त्यांनी एकट्यांनी ऐंशीच्या वर शब्द दिले. चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता सांगायच्या आणि मधेच विचारायच्या, "मास्तर, तुमच्या बुकात माझं नाव येनार का?" आलं. पुस्तकाच्या सुरुवातीला सदतीस नावं आहेत, वयांसकट आणि गावांसकट, आणि प्रत्येक शब्दापुढे कंसात गाव आहे. दाते कोशातल्या त्या कंसावरूनच ह्यांना सुचलं होतं ते.

प्रकाशक कोण मिळणार? दोघा-तिघांनी "काम मोलाचं आहे" असं सांगून बाड परत दिलं. शेवटी पीएफमधले अठरा हजार काढले, तीनशे प्रती छापल्या. त्या सदतीस जणांपैकी जे हयात होते त्यांना घरी नेऊन प्रत दिली, जे नव्हते त्यांच्या मुलांना दिली. काही ग्रंथालयांना पाठवल्या. एकेचाळीस प्रती अजून माझ्या पलंगाखाली आहेत. हे २०११ साली गेले.

आता त्या न उघडणाऱ्या फायलीची गोष्ट. डीटीपीवाल्याने काम झाल्यावर सात फ्लॉप्या दिल्या होत्या, पुढे एका विद्यार्थ्याने त्यांची सीडी करून दिली. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, कागदाला वाळवी लागेल, पण हे आता कायमचं झालं. हे तर सीडीवर हळदीकुंकू वाहायचेच बाकी राहिले होते!

नातवाने मला कागदावर आकृती काढून समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी कॅपिटल 'ए' म्हणजे ६५, हे सगळीकडे ठरलेलं. आज देवनागरी 'क'सुद्धा ठरलेला आहे, त्याचा आकडा २३२५. हे ठरवणारं प्रमाण म्हणजे युनिकोड. तो १९९१ सालीच आला आणि त्यात पहिल्यापासून देवनागरी होती. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, आपल्या देशात 'इस्की' नावाचं प्रमाण झालं होतं. पण गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत जे फाँट चालायचे ते या कशालाच धरून नव्हते. ते करायचे काय, तर इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. एका खणात काना, एकात वेलांटी, एकात अर्धा 'श', एकात रफार. कागदावर उमटायचं अगदी सुरेख. पण फायलीत मात्र इंग्रजी 'ए'च. बरं, प्रत्येक कंपनीने तुकडे वेगवेगळ्या खणांत ठेवलेले. एकीचा 'क' तो दुसरीचा उकार! तो फाँट नसेल तर समोर येतात इंग्रजी अक्षरं, तिरक्या रेघा आणि डॉलरची चिन्हं. आणि फाँट वापरायला संगणकाच्या पाठीमागे खोचायचं एक कुलूप लागायचं, विकत घेतलेलं. ते कुलूप त्या डीटीपीवाल्याबरोबर गेलं. दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

अशा फाँटचं युनिकोड करून देणारे प्रोग्राम निघालेत, काही फुकटही आहेत. नातवाने दोन वापरून पाहिले. आमची फाईल मुळात पानं जुळवायच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तेच आता चालत नाही. त्यातून कसाबसा मजकूर बाहेर ओढला, तर अर्ध्या ठिकाणी पहिली वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर. कारण जुन्या फाँटमध्ये टाइपरायटरसारखी वेलांटी आधी नि अक्षर मग, आणि युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे अक्षर आधी, वेलांटी मग. रफाराचं उलटं. शिवाय मजकुराचे तुकडे गाळलेले, कंसातली गावं भलत्याच शब्दांपुढे. चाळीस वर्षं मुलांच्या वेलांट्या सुधारल्या, पण असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

आणि हे काही फक्त आमच्या घरचं दुखणं नाही. साधारण १९९० ते २००५ या काळात मराठीत जे जे संगणकावर जुळवलं गेलं, कितीतरी दिवाळी अंक, गावांचे इतिहास, संस्थांच्या स्मरणिका, प्रबंध, त्यातलं बरंचसं असंच आहे. छापील प्रत आहे तोवर आहे. खिळे जुळवून छापलेलं १९३२चं पुस्तक आणि संगणकावर जुळवलेलं १९९९चं पुस्तक, दोन्ही नेटवर आणायला मेहनत सारखीच, आधी स्कॅन करा, मग टाइप करा. मग मधल्या संगणकाचा उपयोग काय झाला? फक्त छपाई स्वस्त झाली. हेही थोडं नव्हे म्हणा, नाहीतर अठरा हजारांत आमचं पुस्तक निघालंच नसतं.

पाठीशी संस्था असली की चित्र वेगळं दिसतं. आम्ही वाईच्या इतके जवळचे, विश्वकोशाचं फार कौतुक. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली पहिला खंड १९७६ साली निघाला, तो आमच्या शाळेत आला तेव्हा मुख्याध्यापकांनी चक्क हार घातला होता. वीस खंड पुरे व्हायला २०१५ उजाडलं. दरम्यान तो नेटवर आला आणि आता वेगवेगळ्या विषयांची ज्ञानमंडळं त्यात नव्या नोंदी घालतात. मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. चुकलं तर कोणाला विचारायचं ते माहीत असतं. केतकरांचा ज्ञानकोश घ्या. त्यांनी कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, आणि १९२०च्या दशकात तेवीस खंड काढून दाखवले. ज्ञानकोशासाठी शेअर विकणारा माणूस! ते १९३७ साली गेले. तोही ज्ञानकोश पुढे मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने नेटवर आणला. पण या सगळ्यांना कोणीतरी वाली होता, सरकार, प्रतिष्ठान, विद्यापीठ. पीएफ काढून छापणाऱ्या मास्तरांच्या पुस्तकाला कोण?

बरं, संस्था म्हणजे अमरपट्टा असंही नाही. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' नावाचा प्रकल्प होता, सरकारी पैशाने, २००० सालच्या सुमारास सुरू झालेला. लाखांनी पुस्तकं स्कॅन केली. मराठीही पुष्कळ होती. काम धसमुसळं, पानं तिरकी, मधली पानं गळालेली, पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत अशी काही लिहिलेली की शोधणाऱ्याने कपाळ बडवावं. तरी होती. पुढे तो प्रकल्पच बंद पडला. ती पुस्तकं आज मिळतात ती बरीचशी 'इंटरनेट अर्काइव्ह'वर, कारण वेळेत कोणीतरी तिथे नकला करून ठेवल्या. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या अर्काइव्हवरच सायबर हल्ला झाला, काही दिवस तेही बंद! मी तेव्हा १९०० सालच्या आसपासचं एक कीर्तनाचं पुस्तक वाचत होते. अर्ध्यावर राहिलं. परत सुरू झाल्यावर आधी ते उतरवून घेतलं, मग पुढे वाचलं.

आमच्या वाईकडे जुन्या घरांतून पोथ्या असायच्या. नकलणारा शेवटी लिहायचा, मी मोठ्या कष्टाने लिहिलंय, तेलापाण्यापासून जपा, सैल बांधू नका, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. त्या टिकल्या त्या काही कागद चांगला म्हणून नव्हे, एकीच्या चार नकला चार गावांत होत्या म्हणून. एका वाड्याला आग लागली तर दुसऱ्या वाड्यात होती. नेटवर टाकलं म्हणजे झालं असं समजणाऱ्यांना मला हेच सांगायचंय, की नेट हाही एक वाडाच आहे, चार गावं नव्हेत. नकला करणारी माणसं लागतातच.

मधे एक वेगळाच प्रकार झाला, तोही लिहिते. माझी पुतणी एका कॉलेजात मराठी शिकवते. ती म्हणाली, "काकू, वावरांच्या नावांवर काकांच्या नावाने एक शोधनिबंध करून छापू या. जर्नलमध्ये आलं की लोक दखल घेतात." बरं वाटलं. तिने निबंध केला, छान केला, आणि एका मासिकाकडे पाठवला. मासिकाचं नाव लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'तज्ज्ञांनी निबंध स्वीकारला आहे, अठराशे रुपये भरा.' तीन दिवसांत कुठल्या तज्ज्ञाने जावळीतली वावरं पाहिली? पुतणीने सरळ विचारलं की काही दुरुस्त्या सुचवल्यात का. उत्तर, 'आमच्याकडे आयएसएसएन आहे.' म्हणजे विचारलं काय नि सांगितलं काय!

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाला मिळणारा आठ आकडी नंबर. गाडीला नंबरप्लेट असते तसा. नंबरप्लेट आहे म्हणून ड्रायव्हरला गाडी चालवता येते असं थोडंच आहे? पण २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीला निबंधांचे गुण लावले आणि असल्या मासिकांचं पीक आलं. मग त्यांना आळा घालायला २०१९ मध्ये चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली, आता ज्या त्या संस्थेने आपलं ठरवावं. पुतणी म्हणते, यादी होती तेव्हा यादीला शिव्या देत होतो, आता यादी नाही तर कोणाला विचारावं कळत नाही. तिने निबंध परत घेतला. अठराशे रुपये वाचले. निबंध पडून आहे.

मोठ्या परदेशी जर्नलांचंही मी थोडं वाचलं. २०२४च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांची जवळजवळ तेरा हजार जर्नलं, सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांतल्या सगळ्यांना वाचायला खुली. चांगलंच आहे. विज्ञानाच्या मुलांना फार उपयोग होईल. पण घरी बसलेल्या निवृत्त बाईला त्यात जागा नाही, आणि जावळीतल्या शब्दांनाही नाही. सहा हजार कोटींतला एक रुपयासुद्धा कोणी पलंगाखालच्या पुस्तकांवर घालायचा नाही, हे मला वाईट वाटून नव्हे, हिशेब म्हणून सांगायचंय.

घरात मोठा वाद झाला तो हक्कांवरून. आपल्या कायद्याप्रमाणे लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे ह्यांच्या पुस्तकाचा २०७१ अखेरपर्यंत. चिरंजीव म्हणाले, "फुकट दिलं तर कोणीतरी उचलेल, स्वतःच्या नावावर छापेल." नातू म्हणाला, "बाबा, तीनशे प्रती पंचवीस वर्षांत संपल्या नाहीत. उचलतंय कोण?" बोलणं बोचरं, पण खरं. चिरंजीवांची भीतीही अगदीच पोकळ नाही म्हणा. गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आजीच्या काळातले विसरलेले शब्द' म्हणून एक लांबलचक यादी फिरत आली. चांगले शब्द होते. पण एकापुढेही गाव नाही, कोणाकडून मिळाला ते नाही, खाली फक्त 'आवडल्यास पुढे पाठवा'. सगळ्यांनी अंगठे दाखवले. कुठल्या आजीच्या, कुठल्या गावच्या आजीच्या, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. शब्द चोरीला जाईल याची मला भीती नाही. तो कंसाशिवाय जाईल याची आहे.

शेवटी असं ठरलं, की सगळ्यांना घेऊ द्यायचं, छापू द्यायचं, अट एकच. ह्यांचं नाव आणि सांगणाऱ्यांची नावं-गावं बरोबर राहिली पाहिजेत. अशा अटींचे तयार परवाने असतात, 'क्रिएटिव्ह कॉमन्स' म्हणतात. चिरंजीवांनी सही केली, फार खुशीने नाही, पण केली.

मग फायलीचा नाद सोडून छापील प्रत स्कॅन केली. ओसीआर म्हणून सोय असते, पानाचा फोटो दिला की संगणक वाचून अक्षरं टाइप करून देतो. देवनागरी आता खरोखर चांगली वाचतो, मी थक्क झाले. गोष्टीचं पुस्तक असतं तर काम महिन्यात झालं असतं. पण शब्दसंग्रह म्हणजे मागचापुढचा संदर्भ नसलेले सुटे शब्द. 'खळं' चं 'रवळं' होतं. 'भ'चा 'म', 'घ'चा 'ध', 'ब'चा 'व'. 'चऱ्हाट' मधला अर्धा 'र' तर त्याला पेलतच नाही. वाक्यात चूक असली की लगेच खटकते, कोशात चुकलेला शब्द हा नवीन शब्दच वाटतो! वावरांच्या नावांत तर फारच जपायला हवं. तिथे माझाही अंदाज चालत नाही, छापील पान आणि मूळ चिठ्ठी दोन्ही समोर ठेवावी लागते. चिठ्ठ्या आहेत, देवाची कृपा. खोकी मी टाकली नाहीत.

आणि ह्यांची स्वतःची प्रत आहे. छापून आल्यावरही बारा वर्षं ते त्यात पेन्सिलीने लिहीत होते. अर्थ सुधारलेले, गावं बदललेली, साठ-सत्तर नवे शब्द, काही ठिकाणी नुसतंच प्रश्नचिन्ह. नातू म्हणतो, आजी, सुधारलेलंच टाकू, जुनं कशाला? मला ते पटलं नाही. छापलेलं ते छापलेलं, ते जसंच्या तसं आधी जाईल. पेन्सिलीचं निराळं, तारीख असेल तिथे तारखेसकट. कोणी पुढे ताडून पाहायला बसला तर त्याला दोन्ही दिसायला हवं. पेन्सिल पुसट होत चाललीय, म्हणून ती पानं मी आधी माझ्या हाताने शाईने उतरवून काढली. आता त्याचेही फोटो झालेत.

आत्तापर्यंत बावीस पानं तपासून झाली, एकशे सहा राहिली. माझे डोळे रोज एका पानापुरतेच. तेव्हा मंडळी, ज्यांना सवड आहे त्यांनी प्रत्येकी चार पानं घ्यावीत. पुतणी पानांचे फोटो आणि संगणकाने वाचलेला मजकूर दोन्ही पाठवील. तुमच्या मते शब्द चुकीचा असला तरी दुरुस्त करू नका, शेजारी खूण करा, चिठ्ठी मी पाहते. तयार झालेलं पुस्तक प्रत्येकाने आपापल्या संगणकात ठेवायचं, नुसती लिंक नाही. नाशिकच्या वन्संनी आणि न्यू जर्सीच्या भाच्याने आधीच पानं घेतली आहेत, भाचा 'ळ' नीट टाइप करायला शिकतोय.

आणि एक. वावरांच्या यादीत दोन नावांपुढे ह्यांचं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे, दोन्ही तापोळ्याच्या वरच्या अंगाची, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर सांगणाऱ्याचं नावच नाही. कोणाच्या ओळखीत त्या बाजूचं, धरणाआधीचं शिवार पाहिलेलं, ऐंशीच्या पुढचं कोणी माणूस असेल तर कृपया कळवा. फोनवर बोलू शकणारं असलं तरी चालेल.